सोनतळची विहीर आम्ही घेतली तेव्हा

पाणीपुरवठ्यात नोकरी केलेल्या माणसाला लग्नात किंवा बारशाला निवांत जेवता येत नाही. ओळख करून दिली की समोरचा नमस्काराच्या आधी म्हणतो, "आमच्या गल्लीत परवापासून पाणी नाही." मला निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी असे फोन अजून येतात. पूर्वी मी चिडायची, आता ऐकून घेते. आपल्या पाण्याविषयी नेमकं कुणाशी बोलायचं हे त्या माणसाला ठाऊक नसतं आणि ओळखीत मी एकटीच सापडते.

संपादकांनी नोकरीतले अनुभव लिहायला सांगितले तेव्हा "थोडे मजेशीर असू द्या," असंही ते म्हणाले. मजेशीर प्रसंग माझ्याजवळ आहेत, एखाद-दुसरा येईलही. पण लिहायला बसलं की मला सोनतळचे सुभेदारच दिसतात, म्हणून त्यांचंच लिहिते. गावांची आणि माणसांची नावं मी बदलली आहेत. बदलण्याजोगं तेवढंच माझ्या हातात आहे.

मी मुमताज शिकलगार. माहेर आष्ट्याचं. अब्बांचं तिथं मोटार भरायचं दुकान होतं. भरायचं म्हणजे जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची. उन्हाळ्यात दुकानासमोर विहिरींवरच्या मोटारी ओळीनं पडलेल्या असत आणि मी वार्निशच्या वासात शाळेचा अभ्यास करायची. पुढं इंजिनिअर झाले, सरकारी पाणीपुरवठ्यात लागले. अम्मीला वाटलं, मुलगी आता पंख्याखाली बसणार. पहिल्याच महिन्यात मी गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली घरी गेले, तेव्हा ती म्हणाली, "ये तो तेरे अब्बा काच काम हुआ ना गे!" अब्बा मात्र गालातल्या गालात हसत होते.

बाहेरच्या माणसाला पाणी म्हटलं की धरण आठवतं. आमचं काम धरणाच्या पुढचं. नदीकाठच्या विहिरीतून पंप पाणी उचलतो, मोठ्या पाइपनं उंचावरच्या टाकीत चढवतो, टाकीतून ते उतारानं घरोघर जातं आणि मध्ये कुणीतरी त्यात ब्लीचिंग पावडर टाकतं. योजना म्हणतात ती एवढीच. बांधायला ती अवघड नाही, चालू ठेवायला अवघड आहे. एक खातं ती बांधतं, गावाच्या ताब्यात देतं, फोटो निघतो. मग पंप जळतो, व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस कारखान्यात कामाला जातो, पाइप कुठं गाडलाय हे माहीत असणारा सरपंच बदलतो. काही वर्षांनी त्याच गावाला दुसरी योजना मंजूर होते. जुनी दुरुस्त करायचा अधिकार कुणाकडेच नसतो, नवी बांधायचा मात्र असतो. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन टाक्या, दोन्ही कोरड्या, हे दृश्य मी इतक्या गावांत पाहिलं की पुढं पुढं त्याचं काही वाटेनासं झालं.

एकदा महाबळेश्वरच्या एका हॉटेलवाल्यानं मला रस्त्यात गाठलं. "मॅडम, पावसाळ्यात माझ्या गाद्यांना बुरशी येते आणि मे महिन्यात मी पाहुण्यांना आंघोळीला एकच बादली देतो. हे कसं काय?" मी त्याला उतार, साठवण, गळती असं बरंच समजावलं. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे पाणी आहे, बघणारं कुणी नाही. असंच ना?" मी म्हटलं, "असंच." जाताना त्यानं स्ट्रॉबेरीची पेटी पुढं केली. नियमाप्रमाणे मी ती घेतली नाही आणि पसरणीचा घाट उतरेपर्यंत हळहळत राहिले.

आता मूळ गोष्ट.

सोनतळ हे सातारा जिल्ह्यातलं शेवटचं गाव, कृष्णेच्या काठावरचं. तिथून पुढं माळ चढत गेलं की सांगली जिल्हा लागतो आणि माळावरचं पहिलं गाव माळठाण. माळठाणला पाणी नाही, म्हणून कधीकाळी सोनतळजवळ नदीतून पाणी उचलून माळावर नेणारी एक सरकारी योजना झाली होती. पाइप एका जिल्ह्यात सुरू व्हायचा आणि दुसऱ्या जिल्ह्यात संपायचा. मध्ये एक ओढा होता आणि जिल्ह्याची हद्द त्या ओढ्यातूनच जात होती. पाइपचा एक जोड नेमका तिथं फुटला.

फुटक्या पाइपचं एक साधं शास्त्र आहे. पंप चालू असतो तेव्हा पाणी जोरानं बाहेर उडतं, ते सगळ्यांना दिसतं. पंप बंद झाला की पाइप रिकामा होत जातो आणि त्याच भोकातून बाहेरचं पाणी आत ओढून घेतो. हे कुणाला दिसत नाही. त्या ओढ्यात दोन वस्त्यांचं सांडपाणी येत होतं. माळठाणच्या लोकांनी तक्रार केली. अलीकडच्या कार्यालयानं सांगितलं, गळती हद्दीपलीकडे आहे. पलीकडच्या कार्यालयानं सांगितलं, ओढ्याचा काठ आमच्याकडे येत नाही. दोघांनीही लेखी सांगितलं. गावच्या पोरांनी शेवटी सायकलच्या ट्यूबचं रबर जोडावर गुंडाळलं.

मग माळठाणमध्ये कावीळ पसरली.

माझं काम तेव्हा विभागातल्या योजनांच्या तपासणीचं होतं. मी ओढ्यात उतरून तो जोड पाहिला, पाण्याचे नमुने घेतले आणि गावात गेले. हौसाबाई मोहिते नावाच्या बाईंच्या दारात माणसं बसलेली होती. त्यांची सून रूपाली पोटुशी होती, दिवस भरत आले होते. गरोदर बाईला ही कावीळ फार वाईट. कराडला दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी पराकाष्ठा केली, पण ती वाचली नाही आणि मूलही वाचलं नाही. मोठी मुलगी पिंकी, शाळेत जायच्या वयाची, आजीच्या मांडीवर होती.

मी सरकारी माणूस आहे हे कळल्यावर दोन-तीन पुरुष उठले. हौसाबाईंनी त्यांना हातानंच बसवलं आणि मला म्हणाल्या, "बाई, ह्यो म्हणतो पाइप माझा न्हाई, त्यो म्हणतो माझा न्हाई. मग आमच्या घरात पाणी आलं कुठनं?"

मी अहवाल पाठवला. अहवालाला जेवढं यश यायचं तेवढंच आलं, जोड बदलला गेला.

त्यानंतर थोड्याच काळात एक कल्पना आमच्यापर्यंत आली. देशभरासाठी पाण्याची एकच सार्वजनिक सेवा. रेल्वे जशी जिल्ह्याच्या हद्दीवर थांबून दुसऱ्या गाडीची वाट बघत नाही, तसं पाणीही थांबायचं नाही. विहीर, पंप, पाइप, टाकी, नळ आणि पाणी सोडणारा माणूस, सगळं एका संस्थेचं. ती नफ्यासाठी नाही, कुणा कंपनीची नाही, लोकांची. कायदा व्हायचा होता, पण त्याआधी दोन-चार ठिकाणी करून बघायचं ठरलं आणि त्यात आमचा हा हद्दीवरचा भाग आला. सांगलीत एका भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत आमचं प्रायोगिक कार्यालय उघडलं. मी तिथली प्रमुख. खालून दिवसभर पातेल्यांचा खणखणाट यायचा आणि वर आम्ही देशाच्या पाण्याचा आराखडा करायचो. हसू येईल, पण नोकरीत मी कधी आनंदानं जिना चढले असेन तर तो हाच.

सगळ्यात अवघड काम होतं सोनतळचं. त्या गावाचं स्वतःचं पाणी होतं आणि ते उत्तम चाललं होतं. लष्करातून निवृत्त होऊन आलेले सुभेदार आनंदराव जगदाळे यांनी गावाकडून श्रमदान करून घेऊन नदीकाठाला वाळूत विहीर पाडली होती. वाळूतून झिरपून आलेलं पाणी काचेसारखं असायचं. समिती त्यांची, शिस्तही त्यांची. सोनतळच्या बाईनं हवा तेव्हा नळ उघडावा. त्या काठावर तशी जागा दुसरी नव्हती. तिथं मोठा पंप बसवला तरच माळठाणसकट वरच्या गावांना चांगलं पाणी मिळणार होतं. सोनतळनं विहीर दिली नसती तर आमचा प्रयोग कागदावरच राहिला असता.

ग्रामसभा मारुतीच्या देवळासमोर भरली. मी सगळं मांडलं. सुभेदार पहिल्या रांगेत ताठ बसले होते. माझं झाल्यावर उभे राहिले.

"मॅडम, तुमी चांगलं बोलला. आता माझं ऐका. आमचं पाणी चांगलं हाय का न्हाई?"

"चांगलं आहे."

"कुणी सरकारी माणूस ते चालवतो का?"

"नाही."

"मग चांगलं चाललेलं आमी तुमच्या हातात का द्यायचं?"

लोक हसले. मी समजावू लागले, तर त्यांनी हात वर केला.

"माळठाणात मेली ती रूपाली. तुमास्नी ठावं हाय का, ती कुणाची पोरगी? माझ्या थोरल्या भावाची. ह्या हातांनी मी तिचं लगीन लावून दिलं. हिथं असंस्तोवर ती ह्या विहिरीचं पाणी पीत हुती. तिकडं गेली आन् सरकारच्या पाइपचं प्याली. आता तुमीच सांगा, मी विहीर सरकारला देऊ?"

मला हे नातं माहीत नव्हतं. मी कागद गोळा करून खाली बसणार होते, तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून हौसाबाई उठल्या. त्या सकाळीच माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपनं आल्या होत्या. मी बोलावलं नव्हतं. ग्रामसभा आहे एवढं त्यांच्या कानावर गेलं होतं.

"आवं सुभेदार," त्या म्हणाल्या, "तुमचं पाणी लय चांगलं हाय. रूपा सांगायची मला, आमच्या सोनतळचं पाणी, आमच्या सोनतळचं पाणी. मला राग यायचा तवा. पर ती खरं बोलत हुती." त्या पुढं म्हणाल्या, "ती गेली. तिची पोरगी हाय माझ्याजवळ. ती बी तुमचीच हाय न्हवं? तिनं काय प्यायचं, त्येवढं सांगा आन् मी जाते."

सुभेदारांनी हौसाबाईंना आपल्या जागेवर बसवलं. मग माझ्याकडं वळले. त्यांच्या प्रश्नांना त्या दिवशी अंत नव्हता. उन्हाळ्यात नदी आटली तर आधी कुणाला पाणी? ब्लीचिंग कोण टाकणार? पूर आला तर मोटार कोण काढणार? विहिरीवर सोनतळचा माणूस राहणार का? मी एकेकाचं उत्तर देत होते, ते मान हलवत होते. शेवटचा प्रश्न त्यांनी हळू आवाजात विचारला.

"आन् मॅडम, तुमी रिटायर झाल्यावर?"

"सुभेदार, ही संस्था माणसांवर चालणार नाही. म्हणूनच तर काढतोय," मी म्हणाले. ते मी मनापासून म्हणाले होते. आजही मला त्या वाक्यात खोट दिसत नाही.

सोनतळच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला. विहीर, पंपघर आणि टाकी संस्थेकडे आली. सुभेदारांनी पंपघराची किल्ली रुमालात बांधून आणली होती. माझ्या हातात ठेवताना म्हणाले, "कुलूप जरा दाबून फिरवावं लागतं."

पुढचा काळ चांगला गेला. दुरुस्तीची एकच टोळी होती, ती हद्द ओलांडून कुठंही जायची. तिच्यात सोनतळचे दोघे, माळठाणचा एक आणि जतकडचा एक फिटर होता. तो पाना हातात घेतला की कानडीत पुटपुटायचा. माळावरचा जुना पाइप या विहिरीला जोडला, पाणी माळठाणला पोहोचलं आणि रोज येऊ लागलं. हौसाबाईंचा मात्र त्यावर विश्वास बसत नव्हता. कितीतरी दिवस त्या पाणी उकळत होत्या, गाळत होत्या, आधी स्वतः पिऊन बघत होत्या. एकदा मी गेले तेव्हा पिंकी अंगणातल्या नळाला तोंड लावून पीत होती आणि म्हातारी उंबऱ्यात बसून नुसती बघत होती. ओरडली नाही. माझ्याकडं बघून फक्त म्हणाली, "पिऊ द्या."

माळठाणच्याच एका आण्णांची तक्रार वेगळी होती. ते थेट सांगलीला आमच्या कार्यालयात आले. "मॅडम, पाणी बंद कवा करणार?"

"का? नाही करणार बंद."

"आवं, असं कसं? बंद व्हायचं म्हटलं की माणूस घागरी भरून मोकळा हुतो. आता रोजच येतंय. म्हातारी काल भरल्याल्या घागरी आज शिळं पाणी म्हणून वतती आन् परत भरती. तिचं कंबरडं मोडलं!"

आम्ही सगळे पोट धरून हसलो. खाली भांड्यांचा आवाज, वर आमचं हसणं. त्या दिवशी मला वाटलं, झालं, आता हे मागं जात नाही.

मागं जायला मोठं काही घडावं लागलं नाही. पाणी हा राज्यांचा विषय, त्यामुळं काही राज्यांचा विरोध होता. एकाच संस्थेच्या हाती सगळं पाणी देणं धोक्याचं आहे, असं काही जाणती माणसंही सांगत होती. त्यांचं सगळंच चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. कायदा पुढं ढकलला गेला, परत ढकलला गेला आणि मग त्याचं नाव निघेनासं झालं. एके दिवशी दिल्लीहून आमच्या वरिष्ठांचा फोन आला. म्हणाले, "प्रयोग यशस्वी झाला म्हणून आपण तो समाप्त करतो आहोत." मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी परत विचारलं. त्यांनी तेच वाक्य परत सांगितलं.

माणसं आपापल्या मूळ खात्यांत परत गेली. मीही गेले आणि काही महिन्यांत निवृत्त झाले. पाइप, पंप, विहीर यांना मात्र परत जायला जागा नव्हती. सोनतळच्या ग्रामपंचायतीनं ते रीतसर देऊन टाकलं होतं. ज्या संस्थेनं घेतलं ती कायद्यानं जन्मालाच आली नव्हती. परत द्यायचं तर सही कुणी करायची? सुभेदार आणि मी मिळून किती दारं झिजवली, ते आता आठवावंसं वाटत नाही. एका कार्यालयात सांगितलं, "ही मालमत्ता आमच्याकडे वर्ग झालेली नाही." दुसऱ्यात सांगितलं, "निर्णय होईपर्यंत आहे त्या स्थितीत ठेवा." गावच्या पोरांनी काही दिवस पंप तसाच चालवला. मग विजेचं कनेक्शन कुणाच्या नावावर, हा प्रश्न निघाला. ज्या नावावर होतं ते कार्यालय राहिलं नव्हतं. वीज तोडली आणि पंपघराला सील लागलं.

सोनतळच्या बायका विहिरीवर दोर घेऊन जाऊ लागल्या. माळठाणला ते पाणीही नव्हतं. तिथं टँकर सुरू झाला.

सुभेदार मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं. कार्यालयाच्या बाकावर आम्ही शेजारी बसायचो. ते आपल्या पिशवीतून शेंगा काढायचे, अर्ध्या माझ्या ओंजळीत घालायचे आणि म्हणायचे, "साहेब जेवायला गेलं असतील. येतील."

त्याच वर्षी कृष्णेला पूर आला. आमच्या भागात पुराची चाहूल लागली की नदीकाठच्या मोटारी काढायची धांदल उडते. सोनतळला हे काम सुभेदारांच्या देखरेखीखाली कवायतीसारखं व्हायचं. या वेळी पंपघराला सील होतं. पाणी चढत होतं. त्यांनी मला फोन केला.

"मॅडम, कुणाला इचारायचं?"

मी मला ठाऊक असलेल्या सगळ्यांना फोन लावले. एकानं उचलला नाही, एकानं उद्या बघू म्हटलं, एकानं मलाच विचारलं की हे आमच्याकडे येतं का. मी सुभेदारांना परत फोन केला आणि सांगितलं, कुणी मिळत नाही.

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यांनी कुलूप तोडलं. चार माणसं घेऊन, छातीभर पाण्यात उभं राहून मोटार काढली आणि बैलगाडीत घालून देवळात आणून ठेवली. ती मोटार कित्येक महिने बंद होती. तिच्यातून गावाला थेंबभर पाणी मिळत नव्हतं. तरी त्यांनी ती वाचवली. थोड्याच वेळात पंपघर पाण्याखाली गेलं.

पूर ओसरला आणि ज्या मालमत्तेला इतके दिवस मालक मिळत नव्हता, तिला मालक मिळाला. सरकारी सील तोडलं, सरकारी मोटार नेली, अशी तक्रार झाली. तक्रार देणारं कार्यालय तेच होतं, ज्यानं आम्हाला 'आमच्याकडे वर्ग झालेली नाही' असं सांगितलं होतं. पोलीस देवळातून मोटार घेऊन गेले. सुभेदारांना ठाण्यात बोलावलं.

मी गेले तेव्हा ते भिंतीला टेकून बाकावर बसले होते. छातीवर पदकं नव्हती, पण कोट लष्करातला होता. फौजदार तरुण होता आणि वाईट माणूस नव्हता. मी सगळी हकीकत सांगितली. तो म्हणाला, "मॅडम, मला पटतंय. पण कुलूप तोडलंय हे खरं ना?"

"खरं हाय," सुभेदारांनीच उत्तर दिलं. "मी तोडलं."

"कुणाच्या परवानगीनं, काका?"

सुभेदार बाकावरून उठून ताठ उभे राहिले. मग म्हणाले, "लिवा, माझं नाव लिवा."

खटला अजून चालू आहे. तारखा पडतात. मोटार मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात पडून आहे. मी एकदा पाहिली, तिच्या आत गवत उगवलं होतं. विहिरीचा कठडा पुरात ढासळला, विहीर गाळानं भरली. जागा पंचनाम्यात असल्यामुळं गाळ काढता येत नाही. सोनतळला, ज्या गावानं टँकर कधी पाहिला नव्हता, आता टँकर येतो. नदी समोरून वाहते आणि टँकर हमरस्त्यावरून येतो.

हौसाबाईंनी पिंकीला तिच्या मामाकडं शिरवळला पाठवून दिलं. मामा तिथं कंपनीत आहे, कॉलनीत पाणी येतं. त्यांनी मला फोनवर सांगितलं, "गेली पोरगी. चांगलं झालं."

मधल्या काळात मी सोनतळला जायचं टाळलं. गेल्या उन्हाळ्यात सुभेदारांच्या पत्नीला बरं नाही असं कळलं म्हणून गेले. ते ओसरीत बसले होते. खूप वाळलेले. मी बसले नाही तोवर दारात एक मोटरसायकल थांबली. नव्या नेमणुकीचा एक इंजिनिअर होता, हातात नकाशाची गुंडाळी. त्यानं मला ओळखलं नाही, ओळखायचं कारणही नव्हतं. गावाला नवी योजना मंजूर झाली होती. नवी विहीर, नवा पाइप, नवी टाकी. टाकीसाठी सुभेदारांच्या रानाचा एक कोपरा हवा होता. तो उत्साहानं समजावत होता. घरोघरी पाणी, रोज, भरपूर. बोलताना त्याचे डोळे चमकत होते. देवळासमोर मीही अशीच दिसत असेन.

"काका, इथं संमतीची सही लागेल."

सुभेदारांनी चष्मा लावला आणि सही केली. कागद वाचलाही नाही. इंजिनिअर खूश झाला, हात जोडून निघून गेला.

मला राहवलं नाही. "सुभेदार, काहीतरी विचारायचं होतं त्याला. योजना चालवणार कोण, बंद पडली तर कुणाकडं जायचं... काहीच नाही विचारलं तुम्ही."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"लय चांगलं पोरगं हाय," ते म्हणाले. "काय इचारायचं त्याला?"

चौकातून टँकरचा हॉर्न ऐकू आला. ते भिंतीला हात लावून उठले, दोन घागरी घेतल्या. मी एक घ्यायला हात पुढं केला, तर म्हणाले, "न्हाई, तुमी बसा. पाव्हण्या हाय तुमी." आणि रांगेत जागा मिळावी म्हणून भरभर चालू लागले.